छापील आंकडा आणि खरी सूक्ष्मता

पुष्कळ घरांत जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या पेटींत पडून असतात. त्या संगणकांत उतरविण्यास दोन प्रकारचीं यंत्रें आहेत: कागदपत्रांसाठींहि वापरला जाणारा सपाट कांचेचा स्कॅनर, व केवळ फिल्मसाठीं घडविलेला फिल्म-स्कॅनर. एप्सनच्या व्ही-७०० या सपाट स्कॅनरचा छापील आंकडा इंचास ६४०० बिंदु, तर निकॉनच्या कूलस्कॅन ५००० या फिल्म-स्कॅनरचा ४०००. मग पहिलाच श्रेष्ठ काय?

बिंदु किती घेतले आणि तपशील किती उतरला, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुसट अक्षर बारीक चौकटींच्या आलेखपत्रावर उतरून काढलें, म्हणून तें सुवाच्य होत नाहीं. सपाट स्कॅनरच्या भिंगास वीतभर रुंदीची कांच एकदम पाहावी लागते. शिवाय फिल्मला किंचित् बांक असला, तरी बहुतेक यंत्रांत भिंग सरकून नेम साधीत नाहीं. फिल्म-स्कॅनरचें भिंग फक्त अरुंद पट्टी पाहतें. मध्यें कांच नसते. आणि चांगल्या यंत्रांत तें आपला नेम आपणच साधतें.

विद्यार्थिमित्रहो, याची परीक्षा गणितानें होते. अमेरिकन वायुदलाच्या १९५१ सालच्या तक्त्यांत तीन तीन रेषांचे समूह क्रमाक्रमानें बारीक होत जातात. ज्या समूहाच्या रेषा शेवटीं सुट्या दिसतात, तेथें यंत्राची मर्यादा समजावी. मिलिमीटरांत ४५ रेषाजोड्या दिसल्या असें धरूं. प्रत्येक जोडींत एक काळी व एक पांढरी रेषा; म्हणजे निदान दोन बिंदु हवेत. इंचाचे मिलिमीटर २५.४. म्हणून ४५ × २ × २५.४ = २२८६. अशा मोजणींत व्ही-७०० सुमारें २३०० भरला, तर कूलस्कॅन ५००० सुमारें ३९००. एकाचा आंकडा निम्म्याहून खालीं आला; दुसऱ्याचा जवळजवळ टिकला.

आतां पालकांनीं काय करावें? ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ × २४ मिलिमीटरांचें असतें. छापतांना इंचास ३०० बिंदु धरले, तर पहिल्या यंत्रानें सुमारें ११ × ७ इंचांची स्वच्छ प्रत निघेल, दुसऱ्यानें १८ × १२ इंचांची. आल्बमपुरतें काम असेल, तर सपाट स्कॅनर पुरे. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या ६ सेंटिमीटरी निगेटिव्हलाहि तो पुरतो, कारण तेथें चित्रच मोठें असतें. लहान फिल्मवरून भिंतीजोगें मोठें चित्र हवें असेल, तरच फिल्म-स्कॅनर शोधावा. काम झाल्यावर मूळ फिल्म मात्र टाकूं नये. उद्यां याहून चांगलें यंत्र मिळालें, तर तीच उपयोगी पडेल.

मोठा आंकडा पाहून भुलूं नये. तो कशाचा आहे, हें आधीं विचारावें.