ताप उतरल्यानंतरचा हिवताप

संसर्गजन्य रोगाचा विचार करताना आपण वैद्यकीय व्यावसायिक बहुधा रुग्णापाशी थांबतो. शेतकरी मात्र रोगट रोपापाशी थांबत नाही. त्याला पुढील हंगामाचे बियाणे दिसत असते. बालाघाटसारख्या धानाच्या जिल्ह्यात ही दृष्टी उसनी घेण्याजोगी आहे.

धानावरील करपा हा बुरशीजन्य रोग. पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी रंगाचे ठिपके पडतात; त्यांतील बीजाणू वाऱ्याबरोबर उडून ओल्या पानांवर रुजतात. ढगाळ हवा, रात्रीचे दव आणि युरियाची अवाजवी मात्रा त्यांना मानवते. कापणीने रोग संपत नाही. बुरशी धसकटांत, तणसात व बियाण्यात टिकून राहते. म्हणून उपाय पेरणीपूर्वीच सुरू होतो: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे, तरंगणारे दाणे काढून टाकावेत, तळाचे धुऊन सावलीत वाळवावेत व मग त्यांस बुरशीनाशक चोळावे. वनस्पती प्रतिपिंडे तयार करीत नाहीत, त्यामुळे आपल्या अर्थाने त्यांना लस नाही. तेथे रोगप्रतिकारक वाणावर भिस्त ठेवावी लागते.

आता त्याच बांधीतील पाणी पाहू. रोवणीनंतर रोपे आखूड असतात व पाण्यावर ऊन पडते. अशा पाण्यात ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस या डासाची पैदास होते. धान वाढून पाणी झाकले की ती घटते. जंगलातील संथ झऱ्यांच्या काठाशी ॲनाफिलीस फ्लुव्हिएटिलिस वाढतो. रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला, तेव्हापासून सारा दोष आपण डासाच्या माथी मारीत आलो. वस्तुतः डास जन्मतः निर्दोष असतो. त्याला हा रोग माणूसच देतो!

फाल्सिपेरम हिवतापात डासाला संसर्ग देणाऱ्या परजीवीच्या लैंगिक अवस्था, म्हणजे गॅमिटोसाइट, ताप सुरू झाल्यावर साधारण 7 ते 10 दिवसांनी रक्तात दिसू लागतात. तोवर आर्टेसुनेटयुक्त औषधांनी मूल बरे होऊन अंगणात खेळू लागलेले असते. ती औषधे पक्व गॅमिटोसाइटचा पुरेसा नाश करीत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनची एकच मात्रा असते. ती रुग्णाच्या तापासाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी आहे. ताप उतरल्यामुळे नेमकी तीच राहून जाते.

व्हायव्हॅक्सची तऱ्हा बियाण्यात दडलेल्या बुरशीसारखी. त्याचे सुप्त परजीवी यकृतात राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताप परत आणतात. त्यावर प्रायमाक्विन 14 दिवस द्यावे लागते. परंतु चौथ्या दिवशी मूल जेवू लागते आणि उरलेल्या गोळ्यांची पुडी छपराच्या वळचणीला खोचली जाते. आईला बोल लावण्यात अर्थ नाही. निरोगी दिसणाऱ्या लेकराला कडू गोळी का द्यायची, हे आपण तिला सांगितलेलेच नसते. अर्थात अर्भके, गर्भवती व जी-६-पीडी न्यूनता असलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये. लघवी काळसर झाल्यास ते तत्काळ थांबवावे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. तरी मच्छरदाणी, फवारणी आणि पूर्ण औषधोपचार यांची गरज संपलेली नाही.

मीठपाण्यातून बियाणे काढणाऱ्या आईला मी हल्ली विचारतो, "दिसायला चांगले असलेले बियाणेही का धुता?" उत्तर तिला ठाऊक असते. मग चौदा गोळ्यांचा हिशेब समजावणे सोपे जाते.