जमाखर्चाच्या कोष्टकातील रेघा

जमाखर्चाचे कोष्टक हाती आले की वाचणाऱ्याची नजर आकड्यांच्या आधी रेघांवर जाते. कोणते आकडे एकत्र धरावयाचे, बेरीज कोठे झाली आणि हिशेब कोठे संपला, हे त्याला रेघ सांगते. संस्थेचा वार्षिक हिशेब ज्यांच्या हाती पडतो, त्यांतील पुष्कळांनी हिशेबशास्त्र शिकलेले नसते. तरीही ज्याने निधीला शंभर रुपये दिले, त्याला आपला पैसा कोणत्या कामी लागला हे त्या एका कागदावरून समजले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

हल्ली हे कोष्टक वहीत न लिहिता संगणकावर, एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क यांत मांडतात. तेथे रेघ मारणे फार सोपे झाले आहे आणि म्हणूनच ती पुष्कळदा विचार न करता मारली जाते. प्रस्तुत पाठात रेघ कशी मारावी, कोठे मारावी आणि केव्हा मारावी, या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

१. सळ आणि रेघ

आपल्याकडील जुन्या देशी नामेपद्धतीच्या वहीत रकान्यांसाठी रेघा आखलेल्या नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडीत आणि त्यांच्या आधाराने डावीकडे जमा व उजवीकडे नावे लिहीत. कोणता आकडा कोठे पडावा, हे लिहिणाऱ्याच्या हाताला सळ दाखवी.

संगणकाच्या पडद्यावर घराघरांची जी फिकट जाळी दिसते, ती या सळांसारखी समजावी. तिला ‘ग्रिडलाइन्स’ म्हणतात. ती लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असते. मुद्दाम सांगितल्याशिवाय ती कागदावर छापली जात नाही. एक्सेलमध्ये ती छापावयाचीच असेल तर ‘पेज लेआउट’ या भागात ‘ग्रिडलाइन्स’खालील ‘प्रिंट’ या शब्दापुढे खूण करावी लागते. ‘बॉर्डर’ म्हणजे रेघ ही निराळी वस्तू आहे. ती आपण विशिष्ट घराच्या विशिष्ट कडेला मारतो आणि ती कागदावर उमटते. पडद्यावर सुबक दिसणारे कोष्टक छापल्यावर उघडेबोडके का दिसते, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारण या भेदात आहे.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी केलेले ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ साली बाजारात आले. त्यात बेरजेवर रेघ हवी असल्यास घरे आडव्या खुणांनी भरून काढीत, म्हणजे रेघेसाठी एक सबंध ओळ खर्ची पडे. आता रेघ घराच्या कडेलाच बसते.

२. रेघ मारण्याची रीत

प्रथम ज्या घरांना रेघ द्यावयाची ती घरे निवडावीत. एक्सेलमध्ये ‘होम’ या भागात ‘फॉन्ट’च्या गटात चौकटीचे एक लहान चित्र असते. त्याच्या बाजूचा बाण दाबला की खालची रेघ, वरची रेघ, बाहेरची चौकट, सर्व रेघा, रेघ नको, अशी यादी उघडते. त्यातून हवी ती घ्यावी.

रेघेची जाडी व रंग निवडावयाचा असेल तर ‘कंट्रोल’ दाबून १ चा आकडा दाबावा. ‘फॉरमॅट सेल्स’ नावाची खिडकी उघडेल, तिच्यातील ‘बॉर्डर’ या पानावर जावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी रेघेचा प्रकार निवडावा, मग रंग, आणि शेवटी ती कोणत्या कडेला हवी ते दाखवावे. कड आधी दाखवून प्रकार नंतर बदलला तर मारलेली रेघ बदलत नाही. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

‘कंट्रोल’ व ‘शिफ्ट’ दाबून ७ चा आकडा दाबला की निवडलेल्या घरांभोवती चौकट पडते. त्याच दोन कळांसह आडव्या रेघेची कळ दाबली की रेघा निघून जातात. ‘डिलीट’च्या कळीने मात्र फक्त मजकूर पुसला जातो, रेघ जागच्या जागी राहते.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये ‘फॉरमॅट’, ‘सेल्स’, ‘बॉर्डर्स’ या वाटेने हेच काम होते. ही प्रणाली विनामूल्य असल्याने लहान संस्थांना सोयीची आहे.

३. कोणती रेघ कोठे?

समजा, शिष्यवृत्ती निधीतून वर्षभरात पुढीलप्रमाणे खर्च झाला :

शाळेची फी : ४८,०००
पुस्तके : १७,५००
गणवेश : १२,७५०
परीक्षा शुल्क : ६,२५०
————————————
एकूण : ८४,५००
════════════

येथे दोनच ठिकाणी रेघा आहेत. बेरजेच्या वर एकेरी रेघ, तिचा अर्थ ‘वरील आकडे मिळविले’. बेरजेच्या खाली दुहेरी रेघ, तिचा अर्थ ‘हिशेब येथे संपला’. हा संकेत हिशेबनिसांत सर्वत्र रूढ आहे. एक्सेलच्या यादीत ‘टॉप अँड डबल बॉटम बॉर्डर’ या नावाने दोन्ही रेघा एकदम मिळतात. शीर्षकाच्या ओळीखाली आणखी एक बारीक रेघ दिली की कोष्टक पुरे झाले.

पण प्रत्यक्षात काय दिसते? ‘ऑल बॉर्डर्स’ दाबून प्रत्येक घराला चारी बाजूंनी कोंडलेले असते. मग बेरजेचा आकडा इतर आकड्यांसारखाच एका खोलीत बसतो आणि वाचणाऱ्याला तो शोधावा लागतो. ज्या कोष्टकात हाताने आकडे भरावयाचे आहेत, उदाहरणार्थ हजेरीपट किंवा वर्गणीची यादी, तेथे सर्व रेघा अवश्य असाव्यात. वाचावयाच्या हिशेबात त्या अडचण करतात. फिकट रंगाच्या रेघाही टाळाव्यात, कारण झेरॉक्स प्रतीत त्या उडून जातात.

४. दुहेरी रेघ केव्हा मारावी?

हा या पाठाचा मुख्य भाग आहे. कारकून वहीत दुहेरी रेघ मारी ती ताळा पडताळून पाहिल्यावर. मागाहून कोणी आकडा घुसडला तर तो डोळ्यांत भरे. संगणकावर तसे नाही. तेथे बेरीज चुकीची असली तरी दुहेरी रेघ तितकीच ठसठशीत दिसते, आणि रेघ मारल्यानंतर वरचा आकडा बदलला तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

वरील उदाहरणात प्रवासखर्चाचे ३,५०० रुपये लिहावयाचे राहिले होते असे धरा. ते बेरजेच्या लगत वर नवी ओळ घालून लिहिले आणि बेरजेच्या सूत्राने ती ओळ आपल्यात घेतली नाही, तर खरी बेरीज ८८,००० असता कागदावर ८४,५०० च राहील, आणि तिच्याखाली दुहेरी रेघही राहील. सभासद त्या रेघेवर विश्वास ठेवतील. म्हणून पुढील नियम पाळावेत :

(अ) शेवटची बाब आणि बेरीज यांच्यामध्ये एक ओळ रिकामी ठेवावी व ती सूत्रात धरावी. नवी ओळ या रिकाम्या ओळीच्या वर घालावी, म्हणजे ती सूत्रात आपोआप येते.

(आ) एकेरी रेघ बेरजेच्या घराच्या माथ्यावर द्यावी. बेरीज खाली सरकली की रेघही तिच्याबरोबर सरकते.

(इ) घराची नक्कल करताना रेघाही सोबत जातात. त्या नको असतील तर ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘ऑल एक्सेप्ट बॉर्डर्स’ निवडावे.

(ई) एक्सेलमध्ये यादीचा क्रम बदलला की नावे हलतात, पण रेघा हलत नाहीत. इयत्तांमध्ये रेघा मारलेल्या यादीचा क्रम बदलल्यास एका इयत्तेचा विद्यार्थी दुसऱ्या इयत्तेच्या रेघेखाली जाऊन बसेल. क्रम आधी लावावा, रेघा मागाहून माराव्यात.

(उ) ताळा दुसऱ्या माणसाने पडताळावा आणि मगच दुहेरी रेघ मारावी. त्यानंतर ‘रिव्ह्यू’ भागातील ‘प्रोटेक्ट शीट’ने पान कुलूपबंद करावे.

संस्थेचे काम पुढे तरुणांच्याच हाती जावयाचे आहे. त्यांनी घरी एक अभ्यास करून पाहावा. गेल्या वर्षीच्या हिशेबाची एक नक्कल घ्यावी, तिच्यातील सगळ्या रेघा काढून टाकाव्यात आणि ‘व्ह्यू’ भागातून ग्रिडलाइन्सही घालवाव्यात. मग एकेक रेघ परत मारताना ती काय सांगते, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून द्यावे. ज्या रेघेला अर्थ सांगता येणार नाही, ती काढलेलीच बरी. आणि दुहेरी रेघेपाशी आल्यावर बेरीज एकदा हाताने करून पाहावी.