कुत्र्याच्या पिलांना येणारी आकडी : कारणे व उपाय

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जनावरांच्या आजारावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या लेखाचा उगम बाजारपेठेतच झाला. गेल्या डिसेंबरात मी गोवा एक्सप्रेसने बेळगावहून ग्वाल्हेरला मामांकडे गेलो होतो. मामा तेथील दाल बाजारात एका आडत्याकडे हिशेबनीस आहेत. दाल बाजार म्हणजे लष्कर भागातील धान्य-डाळींची घाऊक पेठ. आपल्या रविवार पेठेची थोरली बहीणच म्हणा ना! "जमाखर्च पुस्तकात शिकतोस, इथे प्रत्यक्ष बघ," असे म्हणून मामा मला रोज बरोबर नेत.

एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी दुकानाच्या पायरीपाशी दीड महिन्याचे एक पिल्लू आडवे पडून पाय झाडत होते. मान मागे वळलेली, तोंडाला फेस. पल्लेदारांची, म्हणजे हमालांची, गर्दी जमली. एक म्हणाला, मिरगी आहे, जोडा हुंगवा. दुसरा म्हणाला, उंदराचे औषध खाल्ले. तिसऱ्याने ते पिसाळले असा निकाल देऊन लांब फेकून देण्यासाठी पोतेसुद्धा आणले. मामांनी त्याला थांबवले. पिल्लू गोणपाटात गुंडाळून आम्ही पशुवैद्यांकडे नेले.

तेथे मला पहिला धडा मिळाला. आकडी हा स्वतंत्र रोग नव्हे. मेंदूतील बिघाडाची ती बाहेर दिसणारी खूण आहे. बिघाडाची कारणे मात्र अनेक असतात. त्यांतील प्रमुख अशी :

१. रक्तातील साखर उतरणे : लहान पिलाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हा गंगाजळी नसलेला धंदा! काही तासांची उपासमार, थंडी किंवा जुलाब एवढ्यानेही त्याचे दिवाळे निघते. मेंदूला साखर मिळाली नाही की आकडी येते.

२. डिस्टेंपर : हा विषाणुजन्य रोग आहे, हे कारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1905 मध्ये दाखवून दिले. ताप, डोळ्यां-नाकातून चिकट स्राव, खोकला, जुलाब आणि पुढे जबडा चावत राहण्यासारखे झटके, असा बहुधा त्याचा क्रम असतो.

३. विषबाधा : उंदीर मारण्याचे झिंक फॉस्फाईड, धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, कीटकनाशके. धान्यपेठेत हा धोका अधिक. चॉकलेटही कुत्र्यांना विषारी असते.

४. जन्मजात दोष : मेंदूत पाणी साठणे, किंवा रक्त यकृतातून न गाळता परस्पर पुढे जाणे. दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा खाल्ल्यानंतर त्रास वाढतो.

५. इतर कारणे : डोक्याला मार, मेंदूज्वर आणि रेबीज. पिलांनाही रेबीज होतो, म्हणून अनोळखी पिलाला उघड्या हाताने धरू नये. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

आता मिरगीविषयी. कोणतेही कारण न सापडणारी खरी मिरगी कुत्र्यांत साधारणपणे 6 महिने ते 6 वर्षे या वयात सुरू होते. म्हणून दीड महिन्याच्या पिलाला आकडी आली, तर मिरगी म्हणून सोडून न देता कारण शोधलेच पाहिजे.

आकडी चालू असताना तोंडात हात किंवा चमचा घालू नये, पाणी ओतू नये, जोडा तर मुळीच हुंगवू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. 5 मिनिटांहून अधिक काळ आकडी राहिली, किंवा ती पुन्हापुन्हा आली, तर क्षणही दवडू नये. आपल्या घरचे पिल्लू उपाशी राहिले असेल, तर झटका थांबल्यावर हिरडीला थोडे साखरपाणी चोळून दवाखान्यात न्यावे. पिलांना उपाशी व थंडीत ठेवू नये, जंतांचे औषध द्यावे. डिस्टेंपरची लस 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करावी, रेबीजची सुमारे 3 महिन्यांनी.

पशुवैद्यांनी औषधाआधी प्रश्न विचारले. शेवटचे कधी खाल्ले? आई कोठे आहे? तेव्हा मामांना आठवले, की आई तीन दिवसांपूर्वी ट्रकखाली सापडली होती. रक्ताचा एक थेंब तपासला. साखर फारच उतरली होती. शिरेतून ग्लुकोज जाताच काही मिनिटांत पिलाने मान उचलली. त्याचे भावंड मात्र आम्ही परतलो तेव्हा पोत्यांच्या थप्पीमागे मेलेले सापडले. त्याला कोणी झटके येताना पाहिलेही नव्हते.

पोते घेऊन आलेला पल्लेदारच आता त्या पिलाला रोज दूध-पोळी घालतो, असे मामांचे पत्र आले आहे. तो मनाने वाईट नव्हता. त्याला कारण ठाऊक नव्हते, इतकेच. निकाल देण्याआधी चार प्रश्न विचारावेत, एवढे वाचकांच्या ध्यानी राहिले तरी या लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.