डॉक्टरांना दोन्ही सांग

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आधी वजन उतरवते, मग मन आपोआप थाऱ्यावर येईल." घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. पण हेच वाक्य मी दोन वर्षं स्वतःला ऐकवत होते गं.

पहाटे चारला टक्क जाग यायची. दिवसभर कशात जीव रमायचा नाही. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून फरसाणाचा डबा रिकामा करायचे, भूक नसताना. गुडघे दुखायला लागले म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, गोड बंद करा." मी मान हलवली. उगाचच रडू येतं, हे सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि असलं काही गुडघ्याच्या डॉक्टरांना सांगायचं नसतं असं मला वाटलं. महिन्याने काट्यावर तेवढंच वजन. वर 'हेही जमलं नाही' ही शरम.

आज तुला तीच शरम पोखरते आहे. सासरी म्हणतात आळस, माहेरी म्हणतात जिभेचे चोचले. दोन्ही खोटं आहे. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. लठ्ठपणा असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. म्हणजे एकाने दुसऱ्याला ओढायचं, दुसऱ्याने पहिल्याला. मग 'आधी हे, मग ते' असं म्हणून सुरुवात करणार कुठून?

कॅलिफोर्नियात लठ्ठपणा आणि नैराश्य दोन्ही असलेले ४०९ जण घेतले आणि त्यातल्या साधारण निम्म्यांवर दोन्हींचे उपचार एकत्र करून पाहिले, तेही त्यांच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांमधून. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. वजनासाठी खाण्याची नोंद आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, मनासाठी रोजची एकेक अडचण धरून ती सोडवण्याचा सराव, गरज असेल तर गोळ्या. आणि हे सगळं बघणारा मार्गदर्शक एकच. वर्षभराने त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सरासरी ३६.७ वरून ३५.९ वर आला, मनही थोडं हलकं झालं. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा बीएमआय जागच्या जागी राहिला. फरक लहान आहे, तुझ्यापासून लपवत नाही. महिन्यात दहा किलोची जाहिरात करणाऱ्यांपेक्षा मला हा लहान, खरा आकडा जवळचा वाटतो.

आणि हे फक्त परदेशातच जमतं असं समजू नकोस. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून नैराश्यावर समुपदेशन करून घेतलं. सहा ते आठ भेटींत लोकांना गुण आला. वजनाचा प्रश्न तिथे नव्हता, पण त्यांचं सूत्र तुझ्या कामाचं आहे. मन लागेल तेव्हा करू, असं नाही. आधी छोटंसं काहीतरी करायचं, मन मागून येतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालण्यापासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तीनच दिवस गेले.

तर डॉक्टरांकडे जाशील तेव्हा एका दमात सांग: "वजन वाढलंय, आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, झोप नीट नाही." थायरॉईड तपासायला सांग, कारण थायरॉईड मंदावलं तर वजनही वाढतं आणि मरगळही येते. नैराश्याची गोळी लिहून दिली तर विचार, "हिने वजन वाढेल का?" काही गोळ्यांनी वाढतं, काहींनी फारसं नाही, आणि डॉक्टर बदलून देऊ शकतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नकोस. डॉक्टर नुसतेच काट्याकडे बोट दाखवायला लागले, तर दुसरे डॉक्टर बघू.

आणि जगणंच नकोसं वाटलं तर, अगदी मध्यरात्रीसुद्धा, मला उठव. मी फोन उचलला नाही तर १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मंगळवारी मी येते. दवाखान्यात दोघी जाऊ.