दोघांनाही गाडी यावी

नाशिक रोडच्या आसपास पळसे, शिंदे, चेहेडी अशी गावे आहेत. तेथे आता पुष्कळ घरांपुढे मोटार दिसते. पण ती चालवतो कोण? बहुधा एकटा घरधनी. एखाद्या रात्री त्याच्याच छातीत कळ आली तर? गाडी दारात आणि दवाखाना दूर! म्हणून कारभारणीलाही गाडी आली पाहिजे.

बाईला जमेल काय? साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन ही आगगाडी पुण्याहून मुंबईला नेली. वाटेत बोरघाट आहे. मग मोटारीचे काय घेऊन बसलात?

आधी शिकाऊ परवाना काढावा. वय १८ पूर्ण हवे. गाडीला पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावावे. शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसलाच पाहिजे. ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते.

गिअरच्या गाडीत पायांशी तीन पट्ट्या असतात. उजवीकडे एक्सलेटर, मध्ये ब्रेक, डावीकडे क्लच. डावा पाय फक्त क्लचला. बाकी दोन्हींना उजवा पाय.

क्लच म्हणजे काय? जाते डोळ्यांपुढे आणा. वरची तळी फिरते आहे. ते इंजिन समजा. खालची तळी म्हणजे चाके. क्लच दाबला की दोन्ही तळ्या सुटतात. इंजिन फिरते, चाके उभी राहतात. क्लच हळू सोडला की तळ्या टेकतात. मग चाकेही फिरू लागतात. एकदम सोडला तर हिसका बसतो आणि गाडी बंद पडते.

पहिला धडा मोकळ्या, सपाट मैदानात घ्यावा. बिटको चौकात किंवा पुणे रस्त्यावर नव्हे. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. हातब्रेक सोडावा. एक्सलेटरला न शिवता क्लच हळूहळू सोडावा. गाडी थरथरली की पाय तिथेच धरावा. गाडी मुंगीच्या पायाने निघते. थांबताना क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबावेत. हे वीस वेळा करावे. पुढचे गिअर नंतर.

आता शिकवणाऱ्याने काय करावे?

"अहो, बंद पडली!"

"पडू दे. क्लच दाब. गिअर न्यूट्रल कर. पुन्हा चालू कर."

इतकेच बोलावे. "किती वेळा सांगू तुला?" असे ओरडू नये. ओरडले की माणूस बावरतो आणि पाय भलत्याच पट्टीवर पडतो. तिथेच अपघात होतो. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'थांब' हा शब्द आधीच ठरवून घ्यावा. बहुतेक गाड्यांत हातब्रेक दोघांच्या मध्ये असतो. आपला हात त्याच्याजवळ ठेवावा. रोज अर्धा तास पुरे. राग आला तर गाडी बंद करून खाली उतरावे.

मंडळी, घरच्या माणसाला शिकवताना धीर लवकर सुटतो. परक्याला आपण 'जरा हळू' म्हणतो, घरच्याला खेकसतो. हे उलटे झाले पाहिजे. अडल्या रात्री आपल्याला दवाखान्यात नेणारे हात तेच आहेत.

प्रश्न
१. डावा पाय कशासाठी वापरावा?
२. क्लच एकदम सोडला तर काय होते?
३. शिकवणाऱ्याने का ओरडू नये?