वळिवड्याच्या बाईंचं गाव कुठल्या देशात?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहणाऱ्या एका पोलिश बाईंशी माझ्या आजीची ओळख होती. त्या आपलं गाव 'ल्वूफ' सांगायच्या. नकाशात ते युक्रेनमध्ये 'ल्विव' म्हणून सापडलं. मग बाई पोलिश कशा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई पोलिशच, आणि गावही त्यांचंच. सरकली ती सरहद्द.

१७७२ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने मिळून पोलंडचा पहिला लचका तोडला. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या मुलखावर हक्क दाखवायला काही जुना आधार हवा होता. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हंगेरीचीही राणी होती; तिच्या दरबाराने हंगेरीच्या राजांची एक मध्ययुगीन पदवी उकरून काढली : 'हालिचचे राजे'. हालिचचं लॅटिन रूप गॅलिशिया, तेच या नव्या सुभ्याचं नाव झालं. (स्पेनमधल्या गॅलिशियाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.) सुभा इतका गरीब, की पोलिश लोक नावावर कोटी करून त्याला 'नागड्या-उपाशांचं राज्य' म्हणत.

पश्चिमेला, क्राकूफकडे, वस्ती मुख्यतः पोलिश. पूर्वेच्या खेड्यांत रुथेनियन, म्हणजे आजचे युक्रेनियन. गावोगावच्या बाजारपेठांत ज्यू. ल्वूफ पूर्वेला असूनही शहर मुख्यतः पोलिश आणि ज्यू होतं आणि भोवताली युक्रेनियन खेडी. तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. या एका शहरात तीन कॅथलिक आर्चबिशप बसत : पोलिशांचा रोमन, युक्रेनियनांचा ग्रीक आणि आर्मेनियनांचा आर्मेनियन. तिघेही पोपलाच मानणारे, पण प्रार्थनेची रीत वेगळी. ग्रीक कॅथलिकांच्या पाद्र्यांना तर बायकापोरंही असत.

ऑस्ट्रियाच्या जनगणनेत रोजच्या वापरातली भाषा विचारत, पण यिद्दिश त्या यादीतच नव्हती. मग बहुतेक ज्यूंची नोंद पोलिश भाषकांत व्हायची आणि कागदावर पोलिशांचं पारडं जड दिसायचं. शिरगणतीत भाषेचा रकाना कोण भरतं याला किती मोल असतं, हे बेळगावकडच्यांना वेगळं सांगायला नको.

१९१८ मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं. युक्रेनियनांनी ल्वूफमध्ये आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं, रस्त्यारस्त्यांत लढाई झाली आणि शहर पुन्हा उभ्या राहिलेल्या पोलंडकडे गेलं. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. त्यांनी लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं. त्यातले सुटलेले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. सुमारे ५,००० जण १९४३ पासून वळिवड्यात राहिले. तिकडे ल्वूफमध्ये १९४१ साली जर्मन आले आणि शहरातले जवळजवळ सगळे ज्यू मारले गेले. युद्ध संपल्यावर ल्वूफ सोव्हिएत युक्रेनमध्येच राहिलं. उरलेल्या पोलिशांना पश्चिमेला पाठवलं गेलं. त्यातले पुष्कळ व्रोत्सवाफमध्ये गेले, जिथून जर्मनांना नुकतंच बाहेर काढलं जात होतं.

१९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी रिकामी झाली. त्या बाईंना परतायला पोलंडमध्ये ल्वूफ उरलं नव्हतं. त्यांच्या बराकींत मग सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर.