मेंदीचे कुंपण दाट कसे होते?

आमच्या शाळेच्या परसबागेत पालक, मेथी, वांगी आणि सांबार लावला आहे. तो भाजीपाला दुपारच्या पोषण आहारात वापरतात. बागेभोवती मेंदीचे कुंपण आहे. वरून ते हिरवेगार दिसते, पण खाली वाकून पाहिले तर नुसत्या काड्या. शेळीचे पिल्लू त्यातून सहज आत शिरते आणि एका दुपारी अख्खा वाफा फस्त करते. म्हणून आमच्या गटाने कुंपणाची माहिती गोळा केली. ती येथे देत आहे.

कुंपण खाली विरळ का होते?

झाडाच्या शेंड्याचा कोंब बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा कापला की ते डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन-तीन फांद्या होतात. माझे आबाजी म्हणाले, "तुरीचे शेंडे खुडतो का नाही आपण? मंग मेंदीले काहून सोडता?"

दुसरे कारण ऊन. कुंपण वर पसरले की खालच्या फांद्या सावलीत पडतात आणि त्यांची पाने गळतात. म्हणून कुंपण खाली रुंद आणि वर निमुळते ठेवावे.

छाटणी कशी करावी?

१) नवीन रोपे दोन ओळींत, एक-एक वीत अंतरावर लावावीत. दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीच्या फटीसमोर यावे.

२) रोप गुडघ्याएवढे झाले की निम्म्यावर कापावे. कापायला जीव होत नाही, पण कापावेच. पुढच्या प्रत्येक वेळी नव्या वाढीतली चार बोटे ठेवून बाकीची काढावी.

३) दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी, म्हणजे कुंपण सरळ कापले जाते. कात्री धारदार असावी.

४) जुने, उघडे पडलेले कुंपण पावसाळा लागताना गुडघ्याइतके खाली कापावे. मे महिन्यात नको. आपल्या चंद्रपूर भागात तेव्हा पारा ४५ अंशांवर जातो, उघड्या फांद्या करपतात.

५) कापण्याआधी आत घरटे आहे का ते पाहावे. बुलबुल किंवा शिंपी पक्ष्याचे घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत तेवढा भाग सोडावा.

६) कापलेला पाला जाळू नये, खताच्या खड्ड्यात टाकावा.

एक मोठे कुंपण

गुरुजींनी सांगितले, की इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. मीठ चोरून नेता येऊ नये म्हणून सरकारने जकातीच्या हद्दीवर शेकडो मैल बाभूळ, बोर, करवंद आणि थुवर यांचे जिवंत कुंपण वाढवले. त्यावर हजारो माणसे कामाला होती. १८७९ साली ती हद्द उठली. मग कोणी पाहिले नाही, आणि आज त्या कुंपणाचा मागमूसही जवळजवळ उरलेला नाही. एवढ्या मोठ्या कुंपणाची ही गत, तर आपल्या मेंदीचे काय?

पालकांना विनंती

फटी बुजवायला बेशरमाच्या काड्या खोवू नका. त्या ओल्या जागी रुजून पसरतात आणि तो पाला शेळ्यांना विषारी आहे. त्यापेक्षा पावसाळा लागला की एक दिवस इळा किंवा कात्री घेऊन शाळेत या. आम्ही दोरी धरू.

करून पाहा : दोन डब्यांत मेंदीची दोन सारखी रोपे लावा. एकाचा शेंडा कापा. महिन्याने दोन्हींच्या फांद्या मोजा आणि आकडे वहीत लिहा.